दहावीचं बोर्ड रद्द झालेलं नाही: फिरणाऱ्या निरोपाला मुद्देसूद उत्तर

जून उजाडला की पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक जुना मजकूर नव्याने फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मतलब तोच राहतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने ३६ वर्षांनी (कुठे ३४ लिहिलेलं असतं) नवं शैक्षणिक धोरण मंजूर केलं. दहावीचं बोर्ड संपलं, आता बोर्डाची परीक्षा फक्त बारावीला. पाचवीपर्यंत शिक्षण फक्त मातृभाषा, स्थानिक भाषा आणि राष्ट्रभाषेत, इंग्रजी उरली नुसत्या विषयापुरती. नववी ते बारावी सत्र परीक्षा. एम.फिल. बंद, पदवी चार वर्षांची. आणि शेवटी, ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा.’

मी मराठवाड्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. दहावीच्या मुलांचे बोर्डाचे फॉर्म भरणं, प्री-लिस्ट (परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या माहितीची यादी) तपासणं, हॉल तिकिटं काढणं ही कामं माझ्याकडे असतात. हा निरोप वाचून पालक जे प्रश्न घेऊन येतात, तेही माझ्याच टेबलाशी येतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

‘दहावीचं बोर्ड संपलं’

हे साफ खोटं आहे. ज्या धोरणाचा हवाला दिला जातो, ते राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालं. त्याच्या परिच्छेद ४.३७ मध्ये दहावी आणि बारावीच्या बोर्ड परीक्षा चालूच राहतील असं स्पष्ट लिहिलं आहे. बदलायची आहे ती परीक्षेची तऱ्हा. घोकंपट्टी आणि क्लासची गरज कमी व्हावी, प्रश्न समजुतीवर असावेत. त्याच परिच्छेदात विद्यार्थ्याला एका वर्षात दोनदा बोर्डाची परीक्षा देता यावी, एक मुख्य आणि हवी असल्यास एक गुण सुधारण्यासाठी, असं सुचवलं आहे. सीबीएसईने २०२६ पासून दहावीला तशा दोन परीक्षा ठेवल्या. म्हणजे ज्या धोरणाच्या नावाने ‘दहावीची परीक्षा नाही’ असं सांगितलं जातं, त्याच धोरणामुळे एका मंडळात दहावीला आणखी एक संधी मिळाली.

आपल्या राज्य मंडळाचं पाहा. २०२१ साली कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. माझ्या मते या निरोपाला खरं बळ मिळालं ते त्या वर्षी. परीक्षा झाली नाही हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि नेमकं तेव्हाच हातात हा मजकूर पडला. पण २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सुरू झाली ती झालीच. २०२५ ची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, पंधरा लाखांहून अधिक मुलं बसली, १३ मे रोजी ९४.१० टक्के निकाल लागला. केंद्र सरकारची माहिती प्रसिद्ध करणाऱ्या पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागानेही हा दावा खोटा असल्याचं एकदा नव्हे, अनेकदा जाहीर केलं आहे.

‘५+३+३+४ आलं, म्हणजे दहावी मध्येच विरघळली’

हा युक्तिवाद शिकलेले पालकही करतात, त्यामुळे त्याला जरा सविस्तर उत्तर द्यायला हवं. नव्या रचनेत शेवटचा टप्पा नववी ते बारावी असा सलग चार वर्षांचा आहे, हे खरं. त्याआधी बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून पायाभूत टप्पा, मग तिसरी ते पाचवी, मग सहावी ते आठवी. पण हा अभ्यासक्रम आखण्यासाठी केलेला विचार आहे. दहावीनंतर विद्यार्थ्याला बाहेर पडता येईल आणि अकरावी-बारावीला व्यवसाय शिक्षणासाठी किंवा दुसऱ्या शाळेत पुन्हा येता येईल, ही सोय धोरणाने त्याच ठिकाणी कायम ठेवली आहे. आता बाहेर पडायचं तर हातात काहीतरी प्रमाणपत्र लागेलच ना? तंत्रनिकेतनाची पदविका दहावीनंतर आहे. आयटीआयचे बहुतेक ट्रेड दहावीवर आहेत. ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीत निवडच दहावीच्या गुणांवर होते. २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झालेले अकरावीचे प्रवेशसुद्धा दहावीच्याच टक्क्यांवर चालतात. हे सगळं जिच्यावर उभं आहे, ती परीक्षा एका रात्रीत कोणीही काढून टाकलेली नाही.

‘मंत्रिमंडळाने मंजूर केलं, म्हणजे देशभर लागू झालं’

निरोपातली सगळ्यात मोठी चूक मला इथे दिसते, आणि बाकीच्या चुका हिच्यातूनच निघतात.

धोरण म्हणजे कायदा नव्हे आणि शाळेला दिलेला आदेशही नव्हे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे तो केंद्र आणि राज्य दोघांचाही विषय झाला. दिल्लीत धोरण ठरलं तरी आपल्या शाळेत काय बदलणार, हे राज्याने ठरवून तसा शासन निर्णय काढावा लागतो. तो मंत्रालयातल्या शालेय शिक्षण विभागातून निघतो. तिथून शिक्षण आयुक्त, संचालक, विभागीय उपसंचालक, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख असं करत मुख्याध्यापकाच्या टेबलावर येतो. बोर्डाच्या परीक्षेतला बदल असेल तर पुण्याचं राज्य मंडळ तो आपल्या नऊ विभागीय मंडळांमार्फत शाळांना कळवतं. या वाटेने आमच्याकडे दहावी रद्द केल्याचं एक ओळीचंही पत्र कधी आलेलं नाही.

राज्याराज्यांत काय चाललं आहे तेही पाहा. तामिळनाडूने हे धोरण स्वीकारलेलंच नाही. तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याचं स्वतःचं धोरण आलं आणि त्यात अकरावीची सार्वजनिक परीक्षा बंद झाली. दहावी आणि बारावी तशाच राहिल्या. पश्चिम बंगालने अकरावी-बारावीला सत्र पद्धत आणली, तीही आपल्या मंडळाच्या निर्णयाने. गोव्याने नवं धोरण नववीपर्यंत नेलं, तरी गोवा मंडळाची दहावीची परीक्षा सुरूच आहे.

आणि महाराष्ट्र? आपल्याकडे धोरण प्रत्यक्षात आणायचं म्हटल्यावर काय काय घडलं, ते २०२५ साली सगळ्यांनी पाहिलं आहे. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला. त्यात टप्पे दिले होते: २०२५-२६ ला पहिली, पुढच्या वर्षी दुसरी, तिसरी, चौथी, सहावी, त्यानंतर पाचवी, सातवी, नववी, अकरावी, आणि २०२८-२९ ला आठवी, दहावी, बारावी. दहावीचा वर्ग त्या यादीत ठसठशीत होता, शेवटच्या टप्प्यात. त्याच निर्णयातल्या पहिलीपासूनच्या हिंदी सक्तीवरून राज्यभर वाद पेटला. १७ जूनला सुधारित निर्णय आला, विरोध काही थांबला नाही, आणि २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचं जाहीर केलं. पहिलीच्या एका भाषेसाठी इतकं रामायण घडलं. पंधरा लाख मुलांची परीक्षा रद्द झाली असती, तर ती बातमी तुम्हाला फक्त एका फॉरवर्डमधून कळली असती का?

खरा शासन निर्णय ओळखणं अवघड नाही. वर विभागाचं नाव, निर्णयाचा क्रमांक आणि तारीख असते. शेवटच्या परिच्छेदात ‘त्याचा संकेतांक … असा आहे’ असं वाक्य असतं आणि तिथे अठरा आकडी क्रमांक असतो. त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी होते. तो क्रमांक राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ निर्णय उघडतो. खाली सही कोणाची आणि ‘प्रत’ म्हणून तो कोणाकोणाला धाडला, याची यादी असते. फिरणाऱ्या मजकुरात यातलं काहीही नाही.

‘पाचवीपर्यंत फक्त मातृभाषा, स्थानिक भाषा आणि राष्ट्रभाषा’

धोरणातलं मूळ वाक्य ‘शक्य असेल तिथे’ या शब्दांनी सुरू होतं. किमान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवी व त्यापुढेही, घरची किंवा प्रादेशिक भाषा माध्यम असावी, असं ते सांगतं. मला हा विचार मनापासून पटतो, मी मराठी माध्यमाच्या शाळेतच शिकवतो. पण ‘असावी’ म्हटल्याने राज्यातली एकही इंग्रजी शाळा बंद झालेली नाही, आणि आमच्याकडे पहिलीपासून असलेलं इंग्रजीही गेलेलं नाही. राष्ट्रभाषेचा उल्लेख तर निरोप लिहिणाऱ्याने पदरचा घातला आहे. घटनेने कोणत्याच भाषेला तो दर्जा दिलेला नाही, आणि कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही, असं हेच धोरण म्हणतं. महाराष्ट्रातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे, ती राज्याने २०२० मध्ये केलेल्या वेगळ्या कायद्यामुळे. तो कायदा या धोरणाच्या आधीचा आहे.

‘नववी ते बारावी सत्र परीक्षा’

मंडळं पुढेमागे वार्षिक, सत्रनिहाय किंवा घटकनिहाय परीक्षेचे पर्याय तयार करू शकतील, इतकंच धोरणात आहे. आपल्याकडे मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चला होते. पूर्वीची ऑक्टोबरची वारी जाऊन आता जून-जुलैची पुरवणी आली आहे.

परीक्षांचा भार उतरला, असंही काही जण या निरोपावरून समजतात. उलट २०१९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या दुरुस्तीला धरून आपल्या राज्याने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लावली. पुनर्परीक्षेतही उत्तीर्ण न झालेलं मूल त्याच वर्गात राहू शकतं. आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही असं धरून चालणाऱ्या पालकांनी हे नीट लक्षात घ्यावं.

‘एम.फिल. बंद, पदवी चार वर्षांची’

एम.फिल. बंद झालं हे खरं आहे. चार वर्षांची पदवीही आली आहे, आणि ती घेणाऱ्याला पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करता येतं. पण तीन वर्षांची पदवी गेलेली नाही, आणि तिच्यानंतर पुढे शिकता येत नाही हेही चूक आहे; दोन वर्षांचं एम.ए. किंवा एम.एस्सी. करता येतं. निरोपाला विश्वास मिळतो तो याच दोन-तीन खऱ्या ओळींमुळे. घरातला कोणी कॉलेजात असतो, तो म्हणतो, हो, आमच्याकडे झालंय असं. मग दहावीची ओळही खरीच असेल, असं सगळे धरून चालतात.

‘चुकीचं असलं तरी फॉरवर्ड केल्याने कोणाचं काय बिघडतं?’

शहरातल्या पालकाचं फार बिघडत नाही. त्याचं मूल आठवीपासून क्लासला जातं, बोर्ड आहे की नाही ते क्लासवालेच सांगतात. आमच्या भागात दसरा-दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलगी मोठी होऊ लागली की तिला मागे कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो, आणि लग्न लावून टाकणं हे त्याचं सोपं उत्तर समजलं जातं. दहावीची परीक्षा ही आम्हा शिक्षकांच्या हातातली एकमेव ठोस गोष्ट असते. ‘मार्चपर्यंत थांबा, परीक्षा होऊ द्या’ म्हटलं की पुष्कळ आईबाप थांबतात. हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीकडे पोरगी राहते, पेपर देते.

नववी पास झालेल्या एका मुलीचे वडील माझ्यापुढे फोन धरून उभे होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पुतण्याने वाचून दाखवलं होतं. “सर, परीक्षाच न्हाई म्हनल्यावर औंदा हितं ठिवून काय करायचं?” त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. उलट एक ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. मी कपाटातून मागच्या वर्षीच्या बॅचची सही-शिक्क्याची प्री-लिस्ट काढली. प्रत्येक ओळीत मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय. त्यांच्याच गल्लीतल्या एका मुलीची ओळ त्यांना दाखवली. ती आता तंत्रनिकेतनात शिकते, हे त्यांना माहीत होतं. यादीवर बराच वेळ बोट ठेवून ते म्हणाले, “मंग आमच्या पोरीचं बी असंच येईल का नाव?”

आलं. पण असे जे शाळेपर्यंत येतच नाहीत, निरोप वाचून घरीच निर्णय घेतात, त्यांची गाठ आमची ऑक्टोबरात हजेरीपत्रकावरच पडते, ओळीने गैरहजेरी दिसू लागते तेव्हा.

ज्यांची शाळा आधीच सुटली आहे त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. खाजगीरीत्या दहावीला बसता येतं, आणि त्याच्या तारखा मंडळ दरवर्षी जाहीर करतं. कुणाच्या शेजारी, कामावर, नात्यात अशी मुलं असतील तर या तारखा त्यांना कळवा. जवळच्या हायस्कुलात जाऊन मुख्याध्यापकांना भेटायचं, सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो न्यायचा. बाकी फॉर्म कसा भरायचा ते तिथे सांगतात.