माँटगोमेरीच्या बसचं भारमान

अमेरिकेतल्या काळ्यांनी 1955-56 मध्ये बसवर टाकलेल्या बहिष्कारावरून वाद मिलिंदने पेटवला. "रोझा पार्क्स ही काळी बाई गोऱ्यासाठी जागेवरून उठली नाही, लोक वर्षभर पायी चालले, मार्टिन ल्यूथर किंगने भाषणं केली आणि बस खुली झाली. गोष्ट छान आहे. पण बस खुली केली कोर्टाने. नुसतं चालून कायदा बदलत नसतो." वकील माणूस. जगातलं सगळं कोर्टातच घडतं अशी त्याची श्रद्धा.

"आणि त्या दाव्यात रोझा पार्क्सचं नावच नव्हतं," सुजाता म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी!"

बापू एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी दोघांना थांबवलं. "आधी त्या गाडीत काय चालायचं ते सांगा."

मी सांगितलं. अलाबामातलं माँटगोमेरी शहर. पुढची दहा आसनं गोऱ्यांची, रिकामी असली तरी. काळ्यांनी पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचं. कधीकधी तेवढ्यात ड्रायव्हर गाडी घेऊन निघून जायचा.

"पैसे घेऊन?" बापू चहा खाली ठेवून म्हणाले.

पैसे घेऊन. 1943 मध्ये रोझा पार्क्सला मागच्या दाराने ये म्हणून गाडीतून उतरवणारा ड्रायव्हर आणि 1 डिसेंबर 1955 ला तिला पोलिसांच्या हवाली करणारा ड्रायव्हर एकच, जेम्स ब्लेक. ती बसली होती मधल्या भागात. एका गोऱ्यासाठी त्याने चार जणांना उठायला सांगितलं, तिघे उठले. दिवसभराच्या कामाने ती थकली होती म्हणून उठली नाही, ही भाबडी गोष्ट आता तरी सोडायला हवी. बेचाळीस वर्षांची ही बाई काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेची जुनी सचिव होती, त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर शाळेत चळवळीचं प्रशिक्षण घेऊन आलेली.

"आणि बहिष्काराची पत्रकं?" सुजाता म्हणाली. "जो ॲन रॉबिन्सन. कॉलेजात इंग्रजी शिकवायची. अटकेच्या रात्रीच कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं काढली. दीड वर्ष आधी तिनेच महापौरांना लिहिलं होतं, सुधारा नाहीतर लोक बसवर बहिष्कार टाकतील. किंग तेव्हा सव्वीस वर्षांचा, गावात नवा. पुढारी म्हणून त्याला निवडलं 5 डिसेंबरला, बहिष्काराच्या पहिल्याच दिवशी दुपारी. सकाळच्या बस तोवर रिकाम्या धावल्या होत्या."

बापूंना भाषणांत रस नव्हता. "प्रवाशांत काळे किती?"

"चारांत तीन."

"मग भारमान, म्हणजे गाडी किती भरते तो हिशेब, संपलंच की! कंपनी मरणार. पण लोक कामावर कसे पोचले? पहिला आठवडा उत्साह असतो, पुढे काय?"

आमच्यातला खरा प्रश्न हाच होता, मिलिंदला पटो न पटो. आधी काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटात माणसं नेली. शहराने किमान भाडं पंचेचाळीस सेंटचा नियम काढला. मग लुईझियानातल्या बॅटन रूज शहराचा धडा गिरवला. तिथे 1953 मध्ये असाच बहिष्कार झाला होता, लोकांनी आपल्या गाड्यांतून एकमेकांना फुकट नेलं होतं. माँटगोमेरीत सुमारे तीनशे गाड्या उभ्या राहिल्या. थांबे आणि मार्ग आखायला टपाल खात्यातली काळी माणसं मदतीला आली, त्यांना गल्ली न् गल्ली पाठ. गाड्यांचे विमे वारंवार रद्द झाले, तेव्हा थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा काढला. पेट्रोलच्या पैशासाठी जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकीण आणि तिच्या मैत्रिणी जेवण, केक विकायच्या. पैसे आले कुठून विचारलं की उत्तर, 'कुठूनच नाही'. त्यांच्या गटाचं नावच ते.

"म्हणजे आगार चालवलं की हो लोकांनी," बापू म्हणाले.

"चालवलं," मिलिंद म्हणाला, "पण मागितलं काय? नीट वागवा, काळ्या वस्तीच्या मार्गांवर काळे ड्रायव्हर घ्या आणि जो आधी येईल तो बसेल, गोरे पुढून, काळे मागून. भेदभाव रद्द करा असं सुरुवातीला कुणी म्हटलंच नाही! ते मागितलं फ्रेड ग्रे या वकिलाने, दाव्यात."

मुद्दा बिनतोड होता. पण दावा दाखल झाला 1 फेब्रुवारी 1956 ला. दोनच दिवस आधी किंगच्या घरावर बॉम्ब पडला होता. शहराने ती किरकोळ मागणी मान्य केली असती, तर प्रकरण तडजोडीत मिटलं असतं असं माझं मत. नगरपालिकेच्या हट्टाने लोकांना कोर्टात ढकललं.

सुजाता वेगळ्याच गोष्टीवर अडून होती. दाव्यातल्या चार बायकांपैकी क्लॉडेट कोल्विन. रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी, पंधराव्या वर्षी, तिने जागा सोडायला नकार दिला होता. "तिच्यासाठी का नाही उठलं गाव? पोर, गरीब वस्तीतली, पुढे लग्नाआधी दिवस गेले. पुढाऱ्यांना शोभेसा चेहरा हवा होता. कोर्टात साक्ष द्यायला मात्र चालली."

"कोर्टाला चेहरा लागत नाही," मिलिंद म्हणाला.

"चळवळीला लागतो, हे तुला चालतं?"

त्याने उत्तर टाळून तारीख काढली. 13 नोव्हेंबर 1956. वॉशिंग्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. "बघ, कोर्ट!"

"त्याच दिवशी," मी म्हटलं, "माँटगोमेरीच्या कोर्टाने त्या गाड्यांच्या व्यवस्थेवर बंदी घातली. तेही कोर्टच."

"थांबा," बापू म्हणाले. "मग लगेच बसमध्ये बसले ना लोक?"

नाही. लेखी आदेश शहरात पोचला 20 डिसेंबरला. तोवर पाच आठवडे लोक चालले, शेजारपाजाऱ्याच्या गाडीत मिळेल तशी जागा धरून गेले, पण बसमध्ये चढले नाहीत. एकूण 381 दिवस.

"आदेश आला, मग शांत झालं?"

"आठवडाभरात बसवर गोळीबार सुरू झाला," सुजाता म्हणाली. "रोझा जॉर्डन नावाच्या गरोदर बाईच्या पायांत गोळ्या घुसल्या. शहराने काही काळ संध्याकाळच्या फेऱ्याच बंद केल्या."

"फेऱ्या बंद?" बापू मिलिंदकडे वळले. "मग वकीलसाहेब, तुमचा तो आदेश संध्याकाळी पाचनंतर कोण चालवत होतं?"

मिलिंदने आणखी एक कटिंग मागवला आणि पुन्हा निकालाच्या कलमांकडे वळला.