साबुदाणा, गोदी आणि ‘वेठीस धरणं’

नमस्कार.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संपावर मी ऑक्टोबर 2024 मध्ये जे लिहिलं होतं, त्याखाली तुम्ही ‘एक ग्राहक’ या नावानं लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. चिडून लिहिली आहे, पण उगाच लिहिलेली नाही. म्हणून उत्तर जरा लांबेल.

इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. हे कामगार आधीच इंजिनियरांपेक्षा जास्त कमावतात. त्यांचा पुढारी वर्षाला नऊ लाख डॉलर घेतो. हेलीन वादळानं लोकांची घरं वाहून गेली असताना मुहूर्त साधून त्यांनी देशाला वेठीस धरलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तुम्हाला न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दुकानात साबुदाणा मिळाला नाही. मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं हे ठाऊक असूनही माझ्यासारख्या मराठी माणसाला शहाणपण येत नाही. आणि शेवटी विचारलंय, की त्यांना मिळाली तशी 62 टक्के पगारवाढ मला माझ्या कंपनीनं कधी दिली आहे का?

नाही दिली. गेल्या वर्षी साडेतीन टक्के मिळाली, तीही साहेबांनी उपकार केल्यासारखी.

साबुदाण्यापासूनच सुरुवात करू. संप सुरू झाला 1 ऑक्टोबरला, मंगळवारी पहाटे. तुम्ही दुकानात गेलात बुधवारी. बंदरातून गोदामात, गोदामातून ठोक व्यापाऱ्याकडे आणि तिथून एडिसनच्या फळीवर येणारं पाकीट दीड दिवसात संपत नाही. ते संपवलं आपण. त्याच आठवड्यात शेजारच्या मोठ्या दुकानांतून टॉयलेट पेपर गायब झाला होता. तो तर बहुतेक सगळा याच देशात बनतो, उरलेलाही बहुतांशी कॅनडा-मेक्सिकोतून जमिनीवरून येतो. गोदीशी त्याचा काडीचा संबंध नाही. कोविडमध्ये लागलेली सवय, दुसरं काय. केळ्यांची काळजी मात्र खरी होती. ती जवळजवळ सगळी बाहेरून, बहुतेक संप झालेल्या बंदरांतूनच येतात आणि थांबत नाहीत.

आता मुहूर्ताचं. कराराची मुदत 30 सप्टेंबर 2024 ला संपणार, हे 2018 सालीच कागदावर ठरलं होतं. हेलीन किनाऱ्याला धडकलं 26 सप्टेंबरला. संपकाळातही लष्कराचा माल आणि प्रवासी जहाजांचं काम संघटनेनं चालू ठेवलं होतं. संपाच्या त्या तीन दिवसांत माल अडकला, हे खरंच आहे, पण वादळ बघून तारीख ठरवली असं म्हणणं अन्याय्य आहे.

पगाराबद्दल मात्र तुमचं बरंचसं बरोबर आहे, आणि माझ्या मूळ लेखात ते मी फार घाईत उरकलं होतं. न्यूयॉर्क बंदरावर देखरेख ठेवणाऱ्या वॉटरफ्रंट कमिशनच्या 2019-20 च्या आकड्यांनुसार तिथल्या सुमारे एक तृतीयांश कामगारांची वर्षाची कमाई 2 लाख डॉलरच्या वर होती. बंदरावर न येताही पगारी तास मिळणारी काही खास मंडळी होती, हेही त्या कमिशननं वर्षानुवर्षं लिहिलंय. त्यांचे पुढारी हॅरल्ड डॅगेट यांचं संघटनेतल्या दोन पदांचं मानधन 2023 मध्ये नऊ लाखांच्या वर होतं आणि त्यांचा मुलगाही संघटनेत वरच्या पदावर आहे. संपाआधी व्हिडिओत ‘लुळंपांगळं करून टाकू’ या अर्थाची त्यांची भाषा ऐकून माझ्याही कपाळाला आठी पडली होती. असा पुढारी समोर असताना लोकमत कामगारांच्या बाजूनं वळवणं कठीणच.

पण संपाआधीचे मूळ दर बघा. नव्या माणसाला तासाला 20 डॉलर, सहा वर्षं काढल्यावर 39. आठवड्याचे 40 तास धरले तर वर्षाचे 81 हजारांच्या आसपास. दोन लाख होतात ते रात्रपाळ्या, रविवार आणि जादा तास घालून. तेच काम पश्चिम किनाऱ्यावर तासाला सुमारे 55 डॉलरला होतं. आणि समोर कोण? जहाज कंपन्या. त्यांतल्या एकट्या मर्स्कचा 2022 चा निव्वळ नफा 29 अब्ज डॉलरच्या वर होता. कोविडमध्ये कंटेनरचं भाडं कुठल्या कुठे गेलं, तेव्हा ‘वेठीस धरलं’ असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. तुम्हाला आठवतंय?

या शब्दापाशी मला थांबायचं आहे, कारण तुमच्या प्रतिक्रियेत तो तीनदा आला आहे. वेठ म्हणजे काय? सरकारी माणूस गावात आला की दिसेल त्याला पकडून ओझं वाहायला लावायचे, मोबदला शून्य. वेठबिगार त्यातलाच. वेठीस धरला जायचा तो ओझं वाहणारा. आता ओझं वाहणारा ‘या दरानं नाही वाहणार’ म्हणून खाली बसला, की आपण म्हणतो त्यानं आपल्याला वेठीस धरलं. हा शब्द कधी उलटा झाला कोण जाणे. मीसुद्धा तो तसाच वापरत आलोय. तुमच्या प्रतिक्रियेमुळे पहिल्यांदा अडखळलो.

लोक नेहमीच गोदी कामगारांच्या विरुद्ध होते असंही नाही. लंडनचा 1889 चा संप बघा. मागणी होती तासाला पाच पेन्सऐवजी सहा पेन्सची, आणि कामावर घेतलं तर किमान चार तासांचं काम द्या, एवढीच. तेव्हा रोज सकाळी फाटकाशी माणसांची झुंबड उडायची आणि मुकादम त्यातून हवे तेवढे उचलायचा. उपाशीपोटी आलेला माणूस तासभर काम करून पाच पेन्स घ्यायचा आणि खायला निघून जायचा, हे एका गोदीच्या व्यवस्थापकानंच संसदीय समितीपुढे सांगितलं होतं. संपकऱ्यांनी थेट सिटीतून, म्हणजे पेढ्या-बँकांच्या वस्तीतून मोर्चे काढले. काठ्यांवर माशांची कुजकी मुंडकी आणि कांदे लावले होते, हे आमचं जेवण म्हणून. लंडनकरांनी पैसे टाकले, ऑस्ट्रेलियातून 30 हजार पौंडांवर मदत आली, वयोवृद्ध कार्डिनल मॅनिंग मध्यस्थीला उतरले. महिनाभरात सहा पेन्स पदरात पडले. लोक बाजूनं होते, कारण भूक त्यांना रस्त्यावर दिसत होती.

आज काय दिसतं? न्यू जर्सीच्या टर्नपाइक महामार्गावरून जाताना एलिझाबेथ बंदराच्या क्रेन दिसतात, जिराफांच्या कळपासारख्या. माणूस दिसत नाही. त्याला लागूनच्या नेवार्कहून 26 एप्रिल 1956 ला ‘आयडियल एक्स’ हे जहाज 58 कंटेनर घेऊन ह्यूस्टनला निघालं. सुटा माल चढवायला टनामागे 5.86 डॉलर लागायचे, ते कंटेनरनं 16 सेंटांवर आले. जिथं टोळ्याच्या टोळ्या लागत तिथं मूठभर माणसं उरली. त्या मूठभरांना पगार बरा मिळाला, कारण बाकीच्यांच्या नोकऱ्या गेल्या त्याची ती किंमत होती. म्हणून हे लोक यंत्रांच्या नावानं एवढे बिथरतात. मला त्यांचा पूर्ण ऑटोमेशनला नकार पटत नाही, हे मूळ लेखातही लिहिलं होतं. पण का, ते समजतं.

माझं या विषयाशी नातं घरातलं आहे. मामा मुंबईच्या गोदीत होता. कंटेनरच्या आधीचा काळ, शंभर किलोचं पोतं आणि हातात लोखंडी आकडा. वडील शाळामास्तर, बी.ए. बी.एड. गोदीत संपाची नोटीस लागली की जेवताना वडील म्हणायचे, “सातवी नापास माणसाला माझ्यापेक्षा जास्त मिळतं, वर संप!” मामा समोर असला तरी म्हणायचे. मामा हसायचा आणि आमटी वाढून घ्यायचा. पुढे 1977-78 चा राज्य कर्मचारी आणि शिक्षकांचा 54 दिवसांचा संप आला. त्यात वडीलही होते. दुसऱ्या महिन्यात घरातला डबा खडखडला, तेव्हा मामा अर्धं पोतं तांदूळ खांद्यावर घेऊन दारात उभा. आईनं आधी विचारलं, “गोदीतले नाहीत ना रे?” मामा म्हणाला, “विकत घेतलेत ताई. जादा तासांचे.” वडिलांनी त्यानंतर मामासमोर पगाराचा विषय काढला नाही. मत बदललं होतं असं मात्र नाही, एवढं मी सांगू शकतो.

तुमच्या प्रतिक्रियेत मला वडिलांचाच आवाज ऐकू आला. राग पगाराच्या आकड्याचा कमी, कमी शिकलेल्यानं तो मिळवला याचा जास्त. ऑगस्ट 2024 मध्ये गॅलपच्या पाहणीत 70 टक्के अमेरिकनांनी कामगार संघटनांना पसंती दिली होती. आपण संघटना चालवून घेतो, पण शेजाऱ्याच्या पगाराची स्लिप बघितली की बिनसतं.

गिरण्यांचं तुमचं उदाहरण नेमकं आहे, पण अर्धं. 1982 च्या संपाआधीपासूनच धंदा भिवंडीच्या मागांकडे सरकत होता. गोदीतही तसं होतं. मुंबईचे कंटेनर 1989 नंतर पाण्यापलीकडे न्हावाशेव्याला गेले, तेव्हा कुठल्याही संपामुळे गेले नाहीत. आणि आपल्याकडचे गोदी कामगार किती समजूतदार म्हणून तुम्ही कौतुक केलंय ना, त्यांचा पगारकरार 31 डिसेंबर 2021 ला संपला होता. पावणेतीन वर्षं बोलणी चालली. 28 ऑगस्ट 2024 पासून बेमुदत संपाची नोटीस दिली, आणि 27 तारखेला साडेआठ टक्क्यांवर समझोता झाला. थकबाकी जानेवारी 2022 पासून. समजूतदारपणा होताच, पण काम झालं नोटिशीनं.

62 टक्के एका वर्षात मिळालेले नाहीत, सहा वर्षांत मिळणार आहेत. तासाला 39 डॉलरचे 63 होतील. मागितले होते 77 टक्के, कंपन्या 50 टक्क्यांच्या जवळ आल्या होत्या. फेब्रुवारी 2025 मध्ये सभासदांनी सुमारे 99 टक्के मतांनी करार मंजूर केला. तुमच्या खिशातून यातलं किती जाईल, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. साबुदाण्याच्या पाकिटात गोदीची मजुरी किती हे मात्र कुणीतरी बसून मोजायला हवं. मला जमलं तर वेगळं लिहीन.

जाता जाता एक कबुली. त्या बुधवारी सकाळी, तुमच्या आधी, त्याच दुकानातून तीन पाकिटं मी उचलली होती. बायकोनं एकच सांगितलं होतं. दोन संपली, तिसरं अजून डब्यात आहे. एडिसनमध्येच असाल तर कळवा, आणून देतो.