आठ कलांचा फरक

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाद अधूनमधून पेटतोच. कोणीतरी फॉरवर्ड टाकतं की पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आर्यभटानं ४९९ सालीच लिहून ठेवलंय, कोपर्निकसचं पुस्तक आलं १५४३ ला, म्हणजे चांगली हजार वर्षं उशिरा, आणि तरी जगभर नाव कोणाचं तर कोपर्निकसचं. लगेच दुसऱ्या बाजूनं उत्तर येतं की पुरे झालं आता हे पुराण, विज्ञान सगळं युरोपातनं आलं, आपल्याकडे होते ते नुसते श्लोक. मग काका, मावसभाऊ, शाळेतले मित्र सगळे उतरतात आणि दोन दिवस कोणी कोणाचं ऐकत नाही. मी बरीच वर्षं कोपनहेगनमध्ये राहतोय, लांबून हे वाचतो आणि मला दोन्ही बाजूंचं वाईट वाटतं, कारण दोघांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय, की आधी कोण म्हणालं. माझं म्हणणं असं आहे की माणसाची जगाबद्दलची समजूत आजवर जिथे जिथे बदलली तिथे हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नव्हताच.

आधी आर्यभटाबद्दलच बोलू, कारण त्याचा अभिमान मलाही आहे आणि भरपूर आहे. नावेतून पुढे जाणाऱ्या माणसाला काठावरच्या स्थिर गोष्टी मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा त्याचा दृष्टांत आजही वर्गात जसाच्या तसा शिकवावा इतका स्वच्छ आहे. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता! पण पुढे काय झालं हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. वराहमिहिरानं विचारलं की पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले पक्षी परत आपल्या घरट्यापाशी येतात कसे? ब्रह्मगुप्तानं ६२८ साली विचारलं की मग उंच वस्तू पडत का नाहीत? आणि त्यानंतरच्या बऱ्याच टीकाकारांनी आर्यभटाच्या त्या श्लोकाचा अर्थच फिरवला, की त्याला तसं म्हणायचं नव्हतं, पृथ्वी स्थिरच आहे. म्हणजे कल्पना होती, लिहिलेली होती, हाताशी होती, आणि तरी क्रांती झाली नाही.

आता ग्रुपवरची दुसरी बाजू इथे खूश होते की बघा, सांगत नव्हतो? पण थांबा जरा. ग्रीसमध्ये अॅरिस्टार्कसनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडलं होतं, तेही असंच बाजूला पडलं आणि पुढची जवळजवळ अठराशे वर्षं पडूनच राहिलं. दुसरं म्हणजे पक्ष्यांचा आणि उंच वस्तूंचा प्रश्न काही मूर्खपणाचा नव्हता. अगदी असाच प्रश्न इथे डेन्मार्कमध्ये टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञानं हजार वर्षांनंतर विचारला, फक्त त्यानं पक्ष्यांच्या जागी तोफगोळा घेतला, की पूर्वेला मारलेला आणि पश्चिमेला मारलेला गोळा सारख्याच अंतरावर पडतो, मग जमीन फिरते कशी म्हणायची? शिवाय पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर सहा महिन्यांनी ताऱ्यांच्या जागा किंचित सरकलेल्या दिसायला हव्यात, त्या त्याला दिसल्या नाहीत. उपलब्ध पुराव्यावर तो बरोबर विचार करत होता. तोफगोळ्याचं उत्तर यायला गॅलिलिओचं १६३२ चं पुस्तक यावं लागलं (चालत्या जहाजाच्या बंद खोलीत सगळं जहाजाबरोबरच पुढे जातं, म्हणून आतल्याला गती जाणवत नाही, तसंच पृथ्वीचं), आणि ताऱ्याचं ते सरकणं प्रत्यक्ष मोजायला तर १८३८ उजाडलं, बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं मोजलं. जुन्या माणसांना अडाणी ठरवून आपण शहाणे होत नाही, त्यांचा प्रश्न किती अवघड होता ते समजून घेतलं तर काहीतरी कळतं.

टायकोबद्दल मला इथे आल्यावर कळलं ते शाळेत कधीच कळलं नव्हतं. स्वीडन आणि डेन्मार्कच्या मधल्या सामुद्रधुनीत व्हेन नावाचं एक छोटं बेट आहे, आज ते स्वीडनमध्ये आहे, तेव्हा डेन्मार्कच्या राजाचं होतं. ते राजानं याला दिलं आणि यानं तिथे वेधशाळा बांधली, भलीमोठी उपकरणं बनवली, स्वतःचा छापखाना टाकला, कागदाची गिरणीसुद्धा टाकली. दुर्बीण अजून यायची होती. नुसत्या डोळ्यांनी वीस वर्षं, रात्रीमागून रात्री, ग्रहांच्या जागा टिपून ठेवल्या आणि त्याही साधारण एखाद्या कलेपर्यंत अचूक, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. (बेटावरच्या शेतकऱ्यांना त्यानं वेठबिगारीला लावलं होतं, त्यांनी राजाकडे तक्रारी केल्या होत्या, हेही इथल्या इतिहासात नोंदलेलं आहे आणि ते झाकून ठेवत नाहीत हे मला आवडतं.) एवढं करून त्याचं स्वतःचं मत काय, तर बाकी ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि सूर्य त्यांना घेऊन पृथ्वीभोवती फिरतो. हे त्यानं १५८८ ला छापलं. आणि बऱ्याच अंशी असंच मॉडेल केरळात नीलकंठ सोमयाजीनं १५०० च्या आसपास मांडलेलं होतं! म्हणजे त्या क्षणी दोघं जवळपास एकाच पायरीवर उभे आहेत.

मग पुढच्या शंभर वर्षांत एवढा फरक का पडला? मला वाटतं ग्रुपवर भांडायचंच असेल तर यावर भांडावं.

टायकोनं प्रागमध्ये १६०० साली केप्लर या जर्मन गणितज्ञाला मदतनीस म्हणून घेतलं आणि त्याच्याकडे मंगळ सोपवला. पुढच्याच वर्षी टायको वारला. त्याची इच्छा होती की केप्लरनं आपलं मॉडेल पक्कं करावं. केप्लरनं मंगळाची कक्षा वर्तुळ धरून इतकी आकडेमोड केली, इतकी केली की शेवटी सगळं जवळपास जुळलं, फक्त काही ठिकाणी आठ कलांचा फरक राहिला. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण पाव भाग. त्याच्या आधीच्या कुठल्याही खगोलशास्त्रज्ञानं एवढा फरक हसत सोडून दिला असता, कारण जुनी निरीक्षणंच तेवढी अचूक नव्हती. पण केप्लरला माहीत होतं की टायको आठ कला चुकणार नाही. म्हणून त्यानं आकडे ठेवले आणि वर्तुळ सोडलं. दोन हजार वर्षं आकाशात वर्तुळच असलं पाहिजे असं मानलं होतं, ग्रीकांनी, अरबांनी, आपण, सगळ्यांनी, ते त्या आठ कलांसाठी गेलं आणि १६०९ ला लंबवर्तुळ आलं. ज्या गुरूच्या आकड्यांवर विश्वास ठेवला त्याच गुरूचं मत त्याच्याच आकड्यांनी मोडलं. मी हे जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. पुढे केप्लरच्या गणितावरून १६३१ ला बुधाचं अधिक्रमण होणार, म्हणजे बुध सूर्याच्या बिंबावरून सरकताना दिसणार असं सांगितलेलं होतं, केप्लर तोवर वारला होता, पण पॅरिसमध्ये गासेंदीनं ते खरंच पाहिलं. तिथून न्यूटनचं १६८७ चं गुरुत्वाकर्षणाचं पुस्तक फार लांब नाही.

आता केरळचं. तिथे हे वळण नव्हतं असं समजू नका. परमेश्वर नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं ग्रहणं पाहिली, गणित आणि आकाश जुळत नाही हे लक्षात आल्यावर गणित बदललं आणि १४३१ ला 'दृग्गणित' लिहिलं. नीलकंठानं तर स्पष्ट मांडलं की सिद्धांत निरीक्षणावर तपासून दुरुस्त करत राहायला हवेत. ज्येष्ठदेवाच्या 'युक्तिभाषे'त नुसती सूत्रं नाहीत, सिद्धता आहेत, आणि त्या मल्याळममध्ये, लोकांच्या भाषेत. हे सगळं 'नुसते श्लोक' म्हणणाऱ्यांनी कधी उघडून बघितलेलं नसतं. पण ते ज्ञान काही घराण्यांत, गुरूकडून शिष्याकडे, ताडपत्रांवर राहिलं. लांबच्या कुठल्या तरी गावातल्या, ओळख ना देख अशा माणसानं ते वाचून त्यातली चूक काढावी अशी सोय नव्हती. बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता लागायला १८३० चं दशक यावं लागलं. छापखाना हे एकच कारण होतं असं मी म्हणत नाही, युरोपात समुद्रावरचा व्यापार होता, राजांच्या आपसातल्या चुरशी होत्या, पैसा होता. तरी अनोळखी माणसाला तुमची चूक काढता येणं ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

इथे राहून मला हे रोजच्या कामात दिसतं. मीटिंगमध्ये नवीन लागलेली पोरगी डिपार्टमेंटच्या हेडला सरळ सांगते की तुमचा हा आकडा मला पटत नाही, तो म्हणतो दाखव, ती दाखवते, आणि विषय तिथेच संपतो, कोणाचं तोंड वाकडं होत नाही. पहिली एक-दोन वर्षं मला हे बघूनच घाम फुटायचा. आपल्याकडे सरांना असं म्हणायला आधी चार वाक्यं माफीची लागतात आणि बहुतेक वेळा आपण म्हणतच नाही.

पण म्हणून इथले लोक जन्मतः शास्त्रीय विचाराचे असतात असं ज्यांना वाटतं त्यांना मला इथली एक गोष्ट सांगायचीय. २०१५ साली इथल्या टीव्हीवर एक डॉक्युमेंटरी लागली, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची एचपीव्ही लस घेतल्यावर आजारी पडलो असं सांगणाऱ्या मुलींची. त्या मुलींचे हाल खरे होते, पण लसीमुळेच ते झाले याचा पुरावा नव्हता. तरी लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास होतं ते निम्म्यावर आणि त्याच्याही खाली घसरलं. सुशिक्षित, श्रीमंत, सरकारवर विश्वास असलेला देश, टायकोचा आणि भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरचा देश! इथल्या आरोग्य खात्यानं, कॅन्सर सोसायटीनं आणि डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ पासून मोहीम काढली, सोशल मीडियावर आयांच्या एकेका प्रश्नाला उत्तरं दिली, 'तुम्हाला काय कळतं' असं न म्हणता, तेव्हा कुठे आकडा परत चढला. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी क्रांती झाली आणि तिचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलं असं कुठेच होत नाही, प्रत्येक पिढीला ते परत शिकावं लागतं, इथे पण, तिथे पण.

आणि आपल्याकडे हे कोणी करत नाही असंही नाही, उलट एक उदाहरण तर मी इथल्या मित्रांना आवर्जून सांगतो. पत्रिकेवरून मूल हुशार आहे की मतिमंद ते सांगता येतं असा दावा ज्योतिषी करतात, तर जयंत नारळीकरांनी आणि नरेंद्र दाभोलकरांनी मिळून त्याची सरळ चाचणीच घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका, त्यातल्या मिसळून काढलेल्या चाळीस पत्रिका एकेका ज्योतिषाला. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी बरोबर आली ४६ टक्के, नाणं उडवलं तरी पन्नास येतात. कोणाची टिंगल नाही, शिवीगाळ नाही, दावा तुमचा, बघूया जुळतो का. मला यात केप्लरच्या आठ कला दिसतात. या माणसांपैकी दाभोलकरांना २०१३ ला पुण्यात भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या, हे सांगताना माझा आवाज आजही नीट निघत नाही. आर्यभटाचा फॉरवर्ड जितक्या अभिमानानं फिरतो तितक्या अभिमानानं ही चाचणी का फिरत नाही, हे मला खरंच कळत नाही.

ग्रुपवर हल्ली दुसरा एक वाद असतो तो दहावीच्या पुस्तकातल्या उत्क्रांतीचा. एनसीईआरटीनं, म्हणजे शाळांची पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, अभ्यासक्रमाचा भार कमी करायचा म्हणून दहावीतून डार्विन काढला, २०२३ ला अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सही करून पत्र लिहिलं, सरकारनं सांगितलं की बारावीच्या जीवशास्त्रात आहे ना. एक भाऊ म्हणाला की एवढं काय त्यात, ज्याला पाहिजे तो बारावीत शिकेल. अरे पण जो दहावीनंतर कॉमर्सला, आर्ट्सला जातो, आयटीआयला जातो किंवा शाळाच सोडतो त्याचं काय? त्याच्या आयुष्यात ते परत कधीच येणार नाही. आणि उत्क्रांती ही नुसती माहिती नाही. सतराव्या शतकात इथल्याच स्टेनो नावाच्या शास्त्रज्ञानं शार्कच्या डोक्याचं विच्छेदन केलं आणि खडकात सापडणारे जिभेच्या आकाराचे दगड म्हणजे जुन्या शार्कचे दात आहेत असं म्हटलं, १६६९ ला खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा हे मांडलं, त्यावर पुढे पृथ्वीच्या वयाचा अंदाज वाढत गेला आणि त्या लांबलेल्या काळात डार्विनला १८५९ मध्ये जागा मिळाली. हा एकावर एक रचलेला पुरावा आहे. 'माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला' असं आपल्याकडे एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी जाहीर विचारलं होतं. प्रश्न विचारायला माझी हरकत नाही, ब्रह्मगुप्तानंही विचारलाच होता, पण मग त्याचं उत्तर पंधरा वर्षांच्या पोरांसमोर असायला हवं ना.

म्हणून माझं म्हणणं ग्रुपवरच्या दोन्ही बाजूंना एवढंच आहे. डार्विनचा धडा दहावीत परत आणा, आणि आर्यभटाचा धडा पण घ्या, नक्की घ्या, पण तो अर्धा नको. नावेचा दृष्टांत द्या, खाली वराहमिहिराचा पक्ष्यांचा प्रश्न द्या, आणि उत्तर लगेच छापू नका. वर्गाला तासभर भांडू दे की पृथ्वी फिरत असेल तर पक्षी घरट्यापाशी परत कसा येतो, मग गॅलिलिओचं बंद जहाज आणा. परीक्षेत पण हाच प्रश्न विचारा, आधी कोण म्हणालं आणि किती साली, याला एकही मार्क ठेवू नका.