जुनी नावं पुसू नका: ‘दोन दिवसांत मंजुरी’वाल्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपांवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय: ‘सॅव्हानावर प्रोजेक्टला दोन दिवसांत मंजुरी, लायसन्सची कटकट नको’. खाली सात मुद्दे आणि ‘जास्तीत जास्त मित्रांना पाठवा’. तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. तिच्या टीमनं कळमना बाजारातल्या संत्र्याच्या भावांची नोंद ठेवून आलेख काढणारा प्रोग्रॅम लिहिलाय. तिनं विचारलं, ‘मामा, फाइलींवरची जुनी नावं आज रात्रीच काढून टाकू का?’

नको. अजिबात नको.

सॅव्हाना ही ग्नू प्रकल्पाची, मुक्त सॉफ्टवेअर (कोणालाही वापरता, बदलता, वाटता येणारं) इंटरनेटवर ठेवण्याची जागा. तिथं अर्ज केला की लगेच जागा मिळत नाही. स्वयंसेवक तुमचा कोड उघडून वाचतात आणि लायसन्स, म्हणजे कोड कोणी कसा वापरायचा याच्या अटी, नीट नसेल तर काय दुरुस्त करायचं ते सांगून थांबवतात. त्यांना फसवायच्या युक्त्या सांगणाऱ्या मेसेजनं पोरांचं काम सोपं होत नाही, उलट ती अडचणीत येतात. म्हणून सगळ्यात वाईट मुद्दा आधी घेतो.

मुद्दा तिसरा: ‘फाइलींवर बाहेरच्यांची नावं दिसली की तपासणारे प्रश्न विचारतात. फाइंड-रिप्लेस मारून सगळीकडे टीम लीडरचं नाव टाका, प्रोजेक्ट क्लीन दिसतो.’

हा सल्ला नाही, गुन्हा कसा करायचा याची माहिती आहे. कॉपीराइट कायदा, 1957 काढा आणि 2012 च्या दुरुस्तीनं त्यात आलेलं कलम 65-बी वाचा. हक्कांविषयीची माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढली किंवा बदलली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड. ही माहिती म्हणजे काय, ते कलम 2 (एक्सए) मध्ये दिलंय: कृतीचं नाव, लेखकाचं नाव, हक्क ज्याच्याकडे आहेत त्याचं नाव आणि पत्ता, वापराच्या अटी. फाइलीच्या माथ्यावरच्या दोन-तीन ओळींत नेमकं हेच लिहिलेलं असतं. अशी पुसलेली फाइल, पुसलीय हे माहीत असून, पुढे वाटणाऱ्यालाही तेच कलम लागतं. म्हणजे फाइंड-रिप्लेस एकानं मारलं आणि अपलोड दुसऱ्यानं केलं, तरी दुसरा सुटत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. एमआयटी हे मुक्त सॉफ्टवेअरचं एक लायसन्स जवळजवळ सगळं करू देतं. त्याची अट एकच: मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीत राहिला पाहिजे. ती ओळ उडवली की जिच्या जोरावर तो कोड वापरत होतात ती परवानगीच गेली. आणि लपतही काही नाही. गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारं साधन; त्याच्या इतिहासात पुसलेली ओळ तारखेसकट दिसते, आणि मूळ फाइल तर इंटरनेटवर आहेच.

करायचं ते इतकं साधं आहे. जुनी ओळ जशीच्या तशी ठेवायची आणि तिच्याखाली आपली लिहायची:

कॉपीराइट (सी) 2019 मूळ लेखकाचं नाव
कॉपीराइट (सी) 2024, 2025 तुमचं नाव

त्याखाली काय बदललं आणि कोणत्या तारखेला, याची एक ओळ. जीपीएल या ग्नूच्या लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीचं पाचवं कलम बदलाची सूचना आणि तारीख दोन्ही मागतं. अपाची 2.0 या दुसऱ्या लायसन्सला बदल केल्याची सूचना पुरते. इतरांची नावं दिसणं हा प्रकल्पाचा डाग नव्हे. कोड कुठून आला हे तुम्हाला माहीत आहे, असं तपासणाऱ्याला त्यावरूनच कळतं.

नावं नकळतही पुसली जातात, तिकडे लक्ष द्या. जावास्क्रिप्टच्या फाइली मिनिफाय केल्या, म्हणजे आकार कमी करायला आवळल्या, की टिप्पण्या (कोडमधल्या माणसांनी वाचायच्या ओळी) उडतात, त्यांबरोबर कॉपीराइटची ओळही. ज्या टिप्पणीत सुरुवातीच्या तारांकनाला लागून उद्गारचिन्ह असतं, ती बहुतेक मिनिफायर सोडून देतात. बाहेरची लायब्ररी घेतली असेल तर ते चिन्ह आहे का ते बघा आणि मिनिफाय झालेली फाइल उघडून ओळ शिल्लक आहे याची खात्री करा.

आता पहिला मुद्दा: ‘गिटहबवर पब्लिक केलं की ओपन सोर्स झालं.’ नाही झालं. लायसन्स नसलेल्या कोडचे सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटच्या अटींमुळे इतरांना तो तिथं बघता येतो आणि फोर्क करता येतो, म्हणजे तिथंच आपली प्रत काढता येते, त्यापलीकडे काही नाही. सुरक्षित म्हणून ‘विना-व्यावसायिक’ अट लावा, असंही त्यात जोडलंय. अशी अट लावलेलं सॉफ्टवेअर ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाही. सॅव्हानाला जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळणारं लायसन्स हवं असतं, तिथंही ते चालणार नाही.

दुसरा मुद्दा, ‘एक लायसन्स फाइल टाकली की पुरे’, पुष्कळांना खराच वाटतो. अर्ज इथंच अडकतात. कॉपींग नावाची ती लायसन्स फाइल फक्त जीपीएलचा मजकूर दाखवते. तो मजकूर कोणत्या फाइलींना लागू आहे, ‘फक्त आवृत्ती 3’ की ‘3 किंवा पुढची कोणतीही’, हे ती सांगत नाही. जीपीएलच्याच अटींनुसार आवृत्तीचा आकडा कुठेच दिला नसेल तर घेणारा आजवर निघालेली कोणतीही आवृत्ती निवडू शकतो. तुम्हाला तिसरी हवी होती आणि त्यानं पहिली निवडली, तर तक्रार करायला जागा नाही. शिवाय फाइली एकट्या फिरतात. तुमची एकच फाइल उचलून कोणी आपल्या प्रकल्पात टाकली की कॉपींग मागेच राहते.

म्हणून सॅव्हानाचे तपासनीस सांगतात: दहापेक्षा जास्त ओळींच्या प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर. जीपीएलचा तो मजकूर तीन परिच्छेदांचा आहे: हे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि अमुक आवृत्ती किंवा पुढच्या कोणत्याही आवृत्तीनुसार वाटता-बदलता येईल, कसलीही हमी नाही, लायसन्सची प्रत सोबत मिळाली असेल. तो ग्नूच्या पानावरून जसाच्या तसा घ्यायचा, आपल्या शब्दांत लिहायचा नाही. कॉपींग फाइल साध्या मजकुराची, एक अक्षरही न बदललेली. ज्या फाइलींत ओळी लिहिता येत नाहीत, म्हणजे चित्रं, आवाज, फॉन्ट, त्यांच्या फोल्डरमध्ये एक रीडमी ठेवायची आणि प्रत्येकाचा हक्कधारक आणि लायसन्स तिथं लिहायचं.

‘इंटरनेटवरचा दहा ओळींपर्यंतचा कोड मोकळा असतो’ हा चौथा मुद्दा बहुधा याच नियमाच्या विपर्यासातून आलाय. दहा ओळींची मर्यादा तुमच्या फाइलीवर सूचना लिहायची की नाही यासाठी आहे, दुसऱ्याचं उचलण्यासाठी नाही. ग्नूच्या मार्गदर्शिकेत एका माणसाचं साधारण 15 ओळींपेक्षा कमी योगदान कॉपीराइटच्या दृष्टीनं किरकोळ मानलंय, एवढं मान्य करतो. पण ती त्यांची कामाची रीत, आणि त्याच माणसाचे छोटे छोटे बदल साठून मोठे होतात हेही तिथंच लिहिलंय. आपल्या कायद्यात ओळींचा आकडा कुठेच नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरची उत्तरं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘नाव द्या आणि त्याच अटींवर वाटा’ या लायसन्सखाली असतात. त्याची 4.0 आवृत्ती 2015 पासून जीपीएल 3 मध्ये घेता येते, जीपीएल 2 मध्ये नाही. त्यापेक्षा उत्तर वाचा, समजून घ्या, खिडकी बंद करा आणि स्वतः लिहा. कल्पनेवर कॉपीराइट नसतो.

‘फॉन्ट आणि चित्रं मोजत नाहीत.’ मोजतात. डीटीपीवाल्याकडून पेन ड्राइव्हवर आणलेला देवनागरी फॉन्ट प्रोजेक्टमध्ये असेल तर अर्ज तिथंच थांबेल. मुक्ता किंवा लोहित वापरा. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. त्या लायसन्सचा मजकूर फॉन्टसोबत ठेवायला विसरू नका. गुगलवर शोधून उचललेलं संत्र्याचं चित्र काढा, हातानं दुसरं काढा.

सहावा: ‘आधी मंजुरी घ्या, लायसन्स नंतर बदलता येतं.’ एकट्यानं लिहिलं असेल तर येतं. दुसऱ्याचा कोड आत आला की त्याच्या संमतीशिवाय नाही. व्हीएलसी प्लेअरच्या लोकांनी 2011 च्या सुमारास आपला कोड जीपीएलवरून एलजीपीएलवर (त्याच्याच सैल रूपावर) न्यायचं ठरवलं, तेव्हा दोनशेहून जास्त जणांना गाठावं लागलं. तुमच्या टीमचे चौघं आज एकाच वर्गात आहेत. दोन वर्षांनी एक पुण्यात, एक परदेशात, आणि एकाचा कॉलेजचा ईमेल बंद. संमती आजच ईमेलवर घेऊन ठेवा. कोणी सापडतच नसेल तर त्याचा भाग काढून नव्यानं लिहावा लागतो.

शेवटचा मुद्दा: ‘कॉपीराइट रजिस्टर करायची गरज नाही, त्यामुळे कागदपत्रं लागत नाहीत.’ पहिला अर्धा भाग बरोबर आहे, हे नाइलाजानं कबूल करतो. नोंदणी ऐच्छिक आहे, हक्क लिहिताक्षणी तयार होतो. पण त्यावरून दुसरा अर्धा निघत नाही. हक्क कोणाकडे तयार झाला, हा प्रश्न उरतोच. कलम 17 नुसार पहिला मालक लेखक. मात्र नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा. मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारा सीनियर संध्याकाळी तुमच्या प्रोजेक्टला हातभार लावत असेल, तर त्यानं नेमणुकीचं पत्र आधी वाचावं आणि शंका असेल तर कंपनीकडून लेखी परवानगी आणावी. विद्यार्थी कॉलेजचा नोकर नसतो, म्हणून केवळ गाइड सर होते एवढ्यानं कोड कॉलेजचा होत नाही. तरी प्रवेशाच्या वेळी कशावर सही केली होती ते बघा. कोणी आपला हक्क दुसऱ्याच्या नावे करून देणार असेल तर कलम 19 प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी हवं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जगभर वाटायच्या सॉफ्टवेअरला हे दोन शब्द राहून गेले तर फार महागात पडतं.

आज रात्री काही करायचंच असेल तर हे करा. गिट शॉर्टलॉग, म्हणजे कोणी कोणी बदल केले याची यादी, ईमेलसकट काढा आणि त्यातल्या प्रत्येक नावामागचा माणूस ओळखा. जो टारबॉल (सगळ्या फाइलींचं एकत्र गाठोडं) अर्जासोबत देणार आहात तोच रिकाम्या फोल्डरमध्ये उघडा, कारण गिटच्या रेपोत (कोठारात) नसलेल्या, आपोआप तयार झालेल्या फाइली त्यात असतात. तिथं ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडला मोठ्या एलचा पर्याय देऊन, इंग्रजी ‘कॉपीराइट’ हा शब्द ज्यांत नाही अशा फाइलींची यादी काढा. यादीत आलेली फाइल तुमची असेल तर माथ्यावर कॉपीराइट आणि परवानगीच्या ओळी लावा. बाहेरची असेल तर ती जिथून आणली तिथं परत जा, तिचं लायसन्स वाचा, आणि मिळालं नाही तर ती फाइल काढून टाका. नाव मात्र एकही काढू नका.