"मामा, झेब्रा बोटिया घेऊ का?"

परवा भाच्याने दुकानातून फोटो पाठवला. पाण्याच्या पिशवीत आठ झेब्रा बोटिया, आणि खाली मेसेज: "मामा, नदीतले आहेत, एकदम ओरिजिनल. हजाराला आठ देतोय. घेऊ का?" मी लगेच "नको" लिहिलं. त्याने विचारलं, "का?" त्याचं उत्तर दोन ओळींत मावेना, म्हणून इथे लिहितोय. घरी माशांच्या टाक्या ठेवणारे बरेच जण इथे आहेत, त्यांनीही वाचावं.

आधी हा मासा कोण ते सांगतो. बोटभर लांबीचा, पिवळसर अंगावर गडद तिरपे पट्टे, तोंडाशी बारीक मिशा. शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रायटा. १९२० साली सी. आर. नारायण राव यांनी तुंगा नदीतल्या माशांवरून त्याची पहिली नोंद केली. हा पश्चिम घाटाचाच मासा, जगात दुसरीकडे कुठेही नाही. आपल्याकडे तो कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात असतो. कोल्हापूरकडच्या माशांवरून १९५६ साली त्याच्या एका प्रकाराला 'कोल्हापुरेन्सिस' असं नावही दिलं गेलं. म्हणजे आपल्या गावचं नाव लागलेला मासा. आणि धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत आज तो संकटग्रस्त आहे.

सहा वर्षांपूर्वी मीही असेच सहा आणले होते. टाकीत सोडल्यावर पहिली गोष्ट दिसली ती त्यांची पोटं. खपाटीला गेलेली. पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून पॅकिंगआधी माशांना उपाशी ठेवतात. नदी ते पकडणारा, तिथून ठोक व्यापारी, मग दुकान, अशा प्रत्येक टप्प्यावर हाच उपास. त्यात नदीतल्या माशाला आपले दाणे म्हणजे खाणं हे ठाऊकच नसतं. माझे सहाही दाण्यांवरून सरळ पुढे जायचे आणि गोट्यांखाली तोंड खुपसून काहीतरी शोधत राहायचे.

तिसऱ्या दिवशी एकाच्या शेपटीवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. व्हाइट स्पॉट, माशांचा एक रोग. दुकानातून औषध आणलं आणि बाटलीवर लिहिलेला पूर्ण डोस टाकला. बोटिया हा लोच गटातला मासा, आणि लोचचे खवले इतके बारीक असतात की औषध त्यांना इतर माशांपेक्षा फार लवकर बाधतं. त्यांना डोस निम्मा द्यायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. रात्री दोघं आडवे पडलेले दिसले. हे मासे आराम करतानाही कुशीवर पडतात, हे वाचलेलं होतं. म्हणून मी निश्चिंत झोपलो. सकाळी ते दोघं तिथेच, तसेच होते. तेव्हापासून मी आधी कल्ल्याची हालचाल बघतो.

उरलेल्या चौघांना वेगळ्या टाकीत हलवायला गेलो तर एक जाळीत अडकला. या माशाला डोळ्याखाली दुटोकी काटा असतो. घाबरला की तो उभा करतो आणि तो काटा जाळीच्या दोऱ्यात रुततो. ओढावं तर डोळ्याखालची कातडी फाटणार. मी नखं कापायच्या कात्रीने एकेक दोरा कापत होतो, आणि मासा माझ्या ओल्या मुठीत टकटक आवाज करत होता. हो, हे मासे आवाज करतात, बाहेरही ऐकू येतो. तो आवाज मी विसरलेलो नाही. लोचला जाळीने उचलू नका, वाटीने किंवा डब्याने उचला.

ते चौघे वाचले. आज माझ्या चार फुटी टाकीत आहेत. एका टोकाला पॉवरहेड, म्हणजे पाणी ढकलणारा छोटा पंप, लावून प्रवाह दिलाय, तळाला बारीक वाळू आणि गुळगुळीत गोटे. एप्रिल-मेमध्ये मात्र जीव टांगणीला लागतो. पाणी २० अंशाला असेल तर एका लिटरमध्ये ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन राहू शकतो, ३० अंशाला साडेसातच. डोंगरातल्या वाहत्या पाण्याची सवय असलेल्या माशाला हा फरक छातीवर दगड ठेवल्यासारखा. दुपारी पंखा टाकीकडे वळवतो आणि आम्ही घामात बसतो.

आता भाच्याचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे, कारण तो सगळेच विचारतात. "पंचगंगेचं काय झालंय बघताय ना? मेलेल्या माशांचा खच पडतो. त्यापेक्षा टाकीत सुखात राहतील." नदीची अवस्था खरी आहे, मलाही त्याची चीड येते. पण झेब्रा बोटिया घरच्या टाकीत पिल्लं देत नाही. गप्पीसारखं नाही ते. त्यामुळे नदीतून उचललेला मासा टाकीत दहा वर्षं जगला तरी नदीच्या हिशेबात तो त्याच दिवशी गेला. मी या चौघांना कितीही जपलं तरी नदीला त्यांच्यापासून एकही पिल्लू मिळणार नाही. आणि "मग परत सोडून देऊ" असं तर मनातही आणू नका. टाकीतला रोग नदीत जातो. टाक्यांतला सकर मासा उजनीच्या जाळ्यात सापडायला लागला तो असाच कुणीतरी सोडून दिल्यामुळे.

हा दोनचार हौशी लोकांचा मामलाही नाही. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात असलेल्या ३० जातींचे किमान १५ लाख गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी परदेशी गेले, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यात सर्वाधिक गेलेल्यांमध्ये आपला हा झेब्रा, केरळचा इवलासा पी पफर आणि 'मिस केरळ'. वाटेत किती मेले, ते यात नाही.

मिस केरळचं उदाहरण मला मुद्दाम द्यायचंय. लाल पट्ट्याचा तो देखणा मासा एकेकाळी फक्त नदीतूनच यायचा. आता त्याची पैदास करणं जमलंय, फार्मवरची पिल्लं बाजारात मिळतात. ती दाणे खातात, टाकीच्या पाण्याला सरावलेली असतात. ती घ्या, जरूर घ्या, दोन पैसे जास्त देऊन घ्या. मी देशी माशांच्या विरोधात अजिबात नाही. आपल्या मुलांना अँजल आणि ऑस्कर ओळखता येतात आणि आपल्या ओढ्यातला मळ्या ओळखता येत नाही, याचं मला वाईटच वाटतं. पण दुकानदाराला "पैदाशीचा की नदीतला?" हे विचारायला लागा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तोही पुढे विचारतो.

मी सहा वर्षांत नदीतला एकही मासा नव्याने घेतला नाही, आणि घेणार नाही.

भाच्याची टाकी लावून तेरा दिवस झालेत. पाणी काचेसारखं दिसतं म्हणतो. दिसेलच, पण नव्या टाकीत माशांच्या घाणीतून साचणारा विषारी अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. रविवारी त्याला घरी बोलावलंय, त्याच्या टाकीचं पाणी बाटलीत भरून आणायला सांगितलंय. टेस्ट किट माझ्याकडे आहे. मग संध्याकाळी दिवे घालवून माझ्या टाकीसमोर बसू. अंधार झाला की चौघे बाहेर येतात.