रियाज तासांत मोजू नका

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव संपतो आणि गाणं शिकणाऱ्या नोकरदार मंडळींच्या तोंडी एकच संकल्प येतो: आता रोज दोन तास रियाज. संक्रांत येईपर्यंत तानपुऱ्यावर पुन्हा खोळ चढलेली असते. लोक याला आळस म्हणतात, मला ते पटत नाही. चूक त्या 'दोन तास' या आकड्यात आहे.

हा आकडा आपण चिल्ल्याच्या गोष्टींतून उचललेला आहे. चिल्ला म्हणजे 40 दिवस कोंडून घेऊन केलेला रियाज. तो करणाऱ्यांचा उरलेला दिवसही गाण्याचाच असायचा, आणि आवाज कुठे ताणला जातोय हे ऐकणारा गुरू जवळ असायचा. आठ तास ऑफिस आणि दोन तास लोकल करून आलेल्या माणसाने तेच माप स्वतःला लावलं की पदरी फक्त अपराधीपणा पडतो. आधी 'आज झाला नाही', मग 'या आठवड्यात झाला नाही', मग गुरूंसमोर जायचीच लाज. कितीतरी चांगले गळे सूर अवघड म्हणून नाही, या लाजेपायी गाणं सोडतात. याचं मला फार वाईट वाटतं.

रोज 35 मिनिटं पुरतात. मात्र ती रोज हवीत आणि त्यात काय करायचं ते आधी ठरलेलं हवं.

पहिली 10 मिनिटं खर्जाला, म्हणजे खालच्या स्वरांच्या रियाजाला. सकाळी आवाज जड असतो, खालचे स्वर सहज लागतात, म्हणून ही वेळ त्यांची. मध्य सप्तकातल्या सा पासून एकेक स्वर खाली उतरायचं, प्रत्येक स्वर एका श्वासात, साधारण 12 ते 15 सेकंद, मोकळ्या आकारात, म्हणजे 'आ' म्हणत. हनुवटी छातीकडे झुकायला लागली किंवा आवाजात खरखर आली की समजा, गळा दाबला जातोय. तिथून एक स्वर वर या आणि तिथेच थांबा. बायकांचा आवाज अनेकदा मंद्र पंचमाच्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प च्या आसपास थांबतो. त्यात कमीपणा काही नाही. तानपुरा अ‍ॅपवर लावत असाल तर फोन मोठ्या स्पीकरला जोडा. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्जाची तार नीट ऐकूच येत नाही, आणि जो स्वर ऐकू येत नाही त्यात आवाज मिळवणार कसा?

पुढची 10 मिनिटं एका पलट्याला, म्हणजे ठरावीक क्रमाने फिरणाऱ्या स्वरांच्या गटाला. एकाच, आणि तोही आठवडाभर. 'सारेग रेगम गमप' इतका साधा चालेल. मिनिटाला 60 मात्रांची, म्हणजे ठोक्यांची लय लावा. आधी मात्रेला एक स्वर, मग दोन, मग चार. आधी सरगम, मग आकार. सरगमीत सुरेल गाणाऱ्यांचा सूर आकारात हमखास हलतो, कारण स्वराच्या नावाचा आधार सुटतो. अवरोहात, म्हणजे खाली येताना सूर कमी लागतात, तिथे कान ठेवा. सलग तीनदा स्वच्छ आलं तरच लय 64 करायची. घाईने 100 वर गेलात तर चुकीचा स्वर गळ्यात पक्का बसतो आणि तो काढायला शिकण्याहून जास्त दिवस लागतात.

उरलेली 15 मिनिटं रागाला, आणि तीन महिने एकच राग. यमन घेतला तर पहिला आठवडा नुसतं 'नी रे ग' आणि त्याच्या भोवतीचं. दुसऱ्या आठवड्यात तीव्र मध्यम, म्हणजे चढा म. पंचम टाळून 'ग म ध नी' म्हणताना हा मध्यम बहुतेकांचा कमी लागतो, कारण गळ्याला गंधाराची, म्हणजे खालच्या ग ची ओढ असते. त्यावर चार दिवस गेले तरी ते वाया गेले नाहीत. परीक्षेचा फॉर्म भरून दोन महिन्यांत डझनभर बंदिशी पाठ करणाऱ्यांना हे संथ वाटेल. पण परीक्षेनंतर महिन्याभराने त्यांतला एखादा राग पाच मिनिटं मांडून पाहा, म्हणजे काय हाती राहिलं ते कळेल.

शेवटची तीन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर आपल्याला काय म्हणायचं होतं तेच ऐकू येतं. वहीत तारीख आणि एकच ओळ लिहा. 'आज छान झालं' ही ओळ निरुपयोगी. 'धैवतावरून उतरताना मध्यम कमी' ही कामाची, कारण उद्याची सुरुवात तिथून होते.

दमलेल्या दिवशी तानपुरा लावून पाच मिनिटं नुसता सा. तो पूर्ण रियाज धरायचा, अर्धा नव्हे. आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई रविवारी तीन तास गाऊन कधीही करू नका. गळा सुजतो, सोमवार-मंगळवारी आवाज बसतो आणि क्रम पुन्हा तुटतो. सर्दी-खोकल्यात गाणं बंद, कुजबुजणंही बंद, त्यानेही गळ्यावर ताण येतो. त्या दिवसांत हातावर विलंबित एकतालाच्या 12 मात्रा धरा आणि रेकॉर्डिंग ऐका. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर काढे पुरे, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधा: सकाळचा चहा झाला की बैठक. पहाटे पाचचा हट्ट फ्लॅटमध्ये चालत नाही. शेजारी उठतील या धास्तीने माणूस आवाज चोरतो आणि ती सवय गळ्याला लागते. रात्रीच गायचं असेल तर जेवणाआधी. भरल्या पोटी श्वास तोकडा पडतो.

बरेच महिने खंड पडला असेल तर पहिला आठवडा फक्त खर्ज आणि सा. जुनी तान येते का ते तपासून पाहायचा मोह आवरा. तानपुऱ्याच्या तारा गंजल्या असतील तर बदलून घ्या. नव्या तारा सुरुवातीचे काही दिवस सारख्या उतरतात, त्यामुळे बैठकीआधी एकदा आणि मध्ये एकदा जुळवाव्या लागतील.