टमाटरची चौथी फोड

नागपुरात गोकुळपेठ बाजारामागच्या गल्लीतल्या चहाच्या ठेल्यावर रात्री नऊनंतर आम्ही चार-पाच जण बसतो. परवा मास्तर आले ते हातात वायरचा वीतभर तुकडा घेऊनच. वॉशिंग मशीनची वायर. आतलं तांबं उघडं पडलेलं, वरच्या प्लास्टिकवर दोन-दोन बारीक चरे शेजारी-शेजारी.

"उंदराचे दात आहेत हे," मास्तर म्हणाले. "ओल्या हातानं बटन लावून राहिली होती सून. थोडक्यात वाचली."

शेटचं इतवारीत धान्याचं दुकान आहे. उंदरांशी त्यांचा रोजचा संबंध. "दोन महिन्यांपासून सांगून राहिलो तुम्हाले, विषाची वडी घेऊन जा. फ्रिजच्या मागं ठेवा, चार दिवसांत घर साफ."

"मारायचं नाही मले," मास्तर म्हणाले. ते दर मंगळवारी टेकडी गणपतीला जातात, पाऊस असो की ऊन. "बाप्पाचं वाहन आहे ते. मी पिंजरा लावतो, सकाळी अंबाझरी तलावाकडं नेऊन सोडतो."

"म्हणजे आपला उंदीर दुसऱ्याच्या घरी? हे कोणतं पुण्य हो मास्तर?" बंटीनं विचारलं. त्याचं मोबाईलचं दुकान आहे, आणि तो विचारतो तेव्हा सरळच विचारतो.

मास्तरांना राग आला. जीव घेणं आणि जीव सोडणं सारखं कसं, म्हणून त्यांनी आवाज चढवला. शेट म्हणाले, अनोळखी जागी सोडलेला उंदीर तसाही मरतो, नाही तर शेजारच्या स्वयंपाकघरात शिरतो. दोघंही आपापल्या जागी ठाम. शेवटी मी विचारलं, आतापर्यंत किती सोडले?

"अकरा."

"अन् घरात अजून आहेतच?"

मास्तर काही बोलले नाहीत. वायरचा तुकडा बाकावर पडला होताच.

माझं म्हणणं एवढंच होतं. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत पुन्हा वितात. घराला भोक उघडं असेल तर पकडण्याचा वेग या वेगाला कधी गाठणार? वडीनं मारा की पिंजऱ्यानं पकडा, जागा रिकामी झाली की बाहेरचा आत येतो. भांडण मारायचं की सोडायचं यावर चाललं होतं, आणि तो येतो कुठून हे कोणी विचारतच नव्हतं.

शेटना पटलं नाही. "वडीचं एक चांगलं आहे. खाल्ली की त्याले तहान लागते, पाण्यासाठी बाहेर जाते अन् तिकडंच मरते."

हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. सिस्टरताई ड्यूटीवर जाताना थर्मास भरून घ्यायला थांबल्या होत्या, त्यांनी ते तिथल्या तिथं खोडलं. बाजारातल्या बहुतेक वड्यांत ब्रोमाडायोलोन असतं. त्यानं रक्त गोठणं बंद होतं आणि शरीरात रक्तस्राव होऊन उंदीर तीन ते सात दिवसांनी मरतो. तहानेचा काही संबंध नाही. ग्लानी येईल तिथं तो पडतो. बंटीकडं तो पीओपीच्या छतावर पडला होता. आठ-दहा दिवस खालच्या खोलीत बसवत नव्हतं, शेवटी छत कापावं लागलं. शिवाय तसा उंदीर मांजरानं किंवा घुबडानं खाल्ला तर विष त्यांच्याही अंगात जातं.

"तरी वडीवर इलाज आहे," सिस्टरताई म्हणाल्या. "व्हिटॅमिन के देता येते. ती पेस्ट मात्र…" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना माहीत होतं. मग मी ते सगळ्यांना सांगितलं, आणि इथंही लिहितो, कारण ही पेस्ट अजून घराघरांत ठेवली जाते.

मागच्या श्रावणात आमच्या स्वयंपाकघरात उंदीर शिरला होता. कोणीतरी सुचवलं म्हणून मी ट्यूबमधली पेस्ट आणली, टमाटरच्या चार फोडी केल्या, प्रत्येकीवर पेस्ट लावली. एक सिलिंडरच्या बाजूला, एक सिंकखाली, दोन ओट्याखाली. सकाळी सहाला उठून पाहतो तर फोडी तीनच. आणि आदल्या रात्री उशिरा मुक्कामाला आलेला माझा दोन वर्षांचा भाचा त्याच फरशीवर वाटीचमचा घेऊन एकटा खेळत बसलेला. मी त्याचे हात हुंगले. लसणासारखा वास आला. रात्रीच्या फोडणीचा की पेस्टचा, मला कळेना.

पेस्टची ट्यूब खिशात घालून आम्ही त्याला घेऊन दवाखान्यात पळालो. डॉक्टरांनी ट्यूब वाचली आणि म्हणाले, पिवळा फॉस्फरस आहे, याचा वास लसणासारखाच असतो. पोरगं तर खेळत होतं, हसत होतं. घरी नेऊ का, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी समजावलं की या विषाची गोम हीच आहे. आधी उलट्या होतात किंवा होतही नाहीत, मग दिवस-दोन दिवस माणूस बरा दिसतो, आणि त्यानंतर यकृत निकामी व्हायला लागतं. याच्यावर नेमका उतारा नाही. त्यांनी त्याला तीन दिवस ठेवून घेतलं. रोज त्या एवढ्याशा हातातून रक्त काढायचे. माझी बहीण त्या तीन दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

त्यानं काही खाल्लं नव्हतं. चौथ्या दिवशी घरी येऊन मी सिलिंडर हलवला. मागं भिंतीच्या कोपऱ्यात ती फोड पडली होती, सुकून काळी झालेली, कडेनं कुरतडलेली. उंदरानं ओढून नेली होती.

ठेल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग शेट म्हणाले, "ती पेस्ट मी दुकानात ठेवत नाही. अन् यापुढं कोणी मागितली तं हे सांगीन."

बंटीनं चिकट पॅडचा विषय काढला. त्यावर मात्र मास्तर आणि शेट पहिल्यांदा एकाच बाजूला आले. त्या पॅडवर उंदीर रात्रभर जिवंत असतो, ओरडतो, सुटण्यासाठी स्वतःची कातडी फाडतो. भारतीय पशुकल्याण मंडळानंही राज्यांना हे पॅड बंद करायला सांगितलं आहे. बंटीच्या पॅडवर गेल्या महिन्यात चिचुंद्री अडकली होती. ती तर उंदीरही नव्हे. तिचा वास येतो हे खरं, पण ती झुरळं-किडे खाते. तिला मारून आपण आपलंच नुकसान करतो.

मास्तरांचं घर अंबाझरी लेआऊटमध्ये, ठेल्यापासून पाच-सात मिनिटांवर. मी म्हटलं, चला, आत्ताच पाहू. गेलो.

नागपुरात हे पाहायला फार शोधावं लागत नाही. कूलरची खिडकी! मार्चमध्ये ग्रिल कापून कूलर बसवतो, पाऊस लागला की काढून गच्चीवर टाकतो, आणि भोकाला पुठ्ठा लावून विसरतो. मास्तरांच्या पुठ्ठ्याचा खालचा कोपरा कुरतडलेला होता, दोन बोटं जातील एवढा. त्याच्याखाली भिंतीवर काळपट, तेलकट पट्टा होता. उंदीर मिशांनी भिंत चाचपत एकाच वाटेनं ये-जा करतो, त्याच्या अंगाचं तेल भिंतीला लागतं. असा पट्टा दिसला की समजायचं, हा त्याचा रोजचा रस्ता. गच्चीवरच्या कूलरचं झाकण उघडलं तर आतल्या गवतात कागदाचे कपटे, सुतळीचे धागे आणि मास्तरांच्या लाइटबिलाचा अर्धा तुकडा. घरटंच होतं ते.

मागं अंगणात चेंबरचं झाकण फुटलेलं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलावाचं पाणी आलं तेव्हापासूनचं. त्या रात्री या भागात घराघरांत पाणी शिरलं, आणि मास्तर म्हणतात, त्यांच्याकडं उंदीर तेव्हापासूनच वाढले. पाण्यानं बिळं भरली की ते वर चढणारच. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा आजार पसरतो, म्हणून सिस्टरताईंनी जाताना बजावलं होतं की लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. आधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडायचं, मग हातमोजे घालून कागदानं उचलायच्या.

मला वाटत होतं की रात्रीच सगळी भोकं बुजवून टाकावी. शेटनी अडवलं, आणि ते बरोबर होते. आतले आतच कोंडले तर ते आत मरतील नाही तर लाकडी दार पोखरतील. आधी आतले पकडायचे, मग लिंपायचं. त्यांनी गोदामातली पद्धत सांगितली. उंदीर नव्या वस्तूला घाबरतो, म्हणून पिंजरा भिंतीलगत, त्याच्या वाटेवर ठेवायचा आणि पहिले दोन-तीन दिवस दार बांधून उघडंच ठेवायचं. आत भजं नाही तर सुकटीचा तुकडा टाकायचा, तो खुशाल खाऊन जाऊ दे. मग दार लावायचं. पण त्याआधी घरातलं बाकीचं अन्न उचललं पाहिजे, नाही तर भज्याला कोण विचारतो? मास्तरांकडं वर्षाचे तांदूळ पोत्यातच होते. शेटनी दुसऱ्या दिवशी पत्र्याची कोठी पाठवतो म्हणून सांगितलं.

भोकांना कापड किंवा फोम लावून उपयोग नाही, दोन रात्रींत कुरतडतात. पाइपाभोवतीच्या फटीत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावायचं. मोठ्या बिळाला सिमेंटमध्ये काचेचा चुरा. दाराखाली अॅल्युमिनियमची पट्टी. पिल्लू उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून येतो, तेव्हा 'एवढ्यातून काय येणार' असं म्हणायचं नाही.

पकडलेल्याचं काय, यावर मास्तर आणि शेट त्या रात्रीही भांडले, आजही भांडतात. मला शेटचं पटतं, फक्त विष नको. एका झटक्यात मारणारा चापच बरा. मास्तरांना ते पटणार नाही, आणि त्यांच्या घरात त्यांचंच चालेल.

निघताना आम्ही चार भोकांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून आलो. बोळा सकाळी बाहेर ढकललेला दिसला तर भोक चालू आहे, तसाच राहिला तर सोडलेलं. पहाटे साडेपाचला मास्तरांचा फोन आला. चेंबरजवळचे दोन बोळे जागेवर होते, गच्चीच्या पाइपाचाही. कूलरच्या खिडकीतला खाली पडला होता. पिंजरा तिथंच ठेवलाय, दार सुतळीनं बांधून.